किती दिवस वापरलं?

उद्यमनगरात, लेथच्या कारखान्यावर आमचं ऑफिस.
दोन खुर्च्या, आणि परीक्षणाला आलेला एक सोलर दिवा,
जो परत न्यायला कुणी आलंच नाही.
खाली लोखंड कातरतं,
वर आम्ही बातम्या कातरतो:
कुठला फोन, कुठला चार्जर, कुठल्या ॲपला हात लावू नये.
जिन्यात भेटला की टर्नर गजेंद्र विचारतो,
आमच्यात एक सूत चुकलं तर माल परत येतो,
तुमच्यात काय येतं?

आमच्यात नेमगोंडा मगदूम आले.
मंगळवारी, भर दुपारी, रुकडीहून,
खताच्या रिकाम्या पिशवीत मोबाईल स्टार्टर घेऊन.
पाणीपुरवठा संस्थेची मोटार चालवतात ते, नदीकाठच्या जॅकवेलवर.
स्टार्टर टेबलावर ठेवला,
वायरी नीट गुंडाळलेल्या, लहान मुलाची वेणी घालावी तशा.

"रात्री अडीचला लाईट आली.
फोन लावला. बाई म्हणाली, मोटार चालू आहे.
जाऊन बघतोय तर मोटार गार.
परत लावला. बाई म्हणाली, चालू आहे.
मी कुणाचं ऐकायचं, बाईचं का मोटारीचं?"

मग आवाज न चढवता,
"तुम्ही लिवलासा म्हणून घेतलं.
किती दिवस वापरलासा?"

एक संध्याकाळ.
याच टेबलावर. बटण दाबलं, दिवा लागला, बाई बोलली,
कंपनीच्या कागदावर विशेषणं तयारच होती.
मी लिहिलं: डोळे झाकून घ्या.
सतरा हजार लोकांनी वाचलं.
त्यांतल्या एकानं खरंच डोळे झाकले.

मी म्हटलं, "तसं तपासलं होतं..."
त्यांनी चहा घेतला. कप स्वतः धुऊन ठेवला.
स्टार्टर तिथंच राहिला.

तबस्सुम शिकलगार म्हणाली, खाली एक ओळ टाकू,
बारीक अक्षरात, कोण बघतंय.
मीही हो म्हणणार होते.
आकडा कसा चढवायचा, ते आम्हाला येत होतं:
'थक्क व्हाल', 'शेवटचा मुद्दा चुकवू नका',
आणि शेवटी मुद्दाच नसायचा.

पहाटे झोप येईना, तर गंगावेशीत दूध प्यायला गेले.
म्हैस समोर उभी, धार समोर,
ग्लासात फेस, वर वाफ.
कुठंही पाटी नव्हती शुद्ध म्हणून.
दूधवाल्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही,
त्याची नजर कासेवर.
मिशीवरचा फेस पुसत एक पैलवान म्हणाला,
पुढं सरका की वहिनी, मागं रांग हाय.

त्याच दिवशी, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात:
आम्ही चुकलो. एक संध्याकाळ वापरून लिहिलं.

कंपनीचा फोन आला, आवाज गोड,
स्टार्टरमधल्या बाईसारखाच.
दिवाळीच्या जाहिराती गेल्या.
दोनशे बारा वाचक गेले.
एकानं लिहिलं, 'नादखुळा भावा!'
ती शाबासकी होती की टोमणा,
तबस्सुमचं आणि माझं अजून एकमत नाही.

आता प्रत्येक मजकुराखाली तीन ओळी असतात:
वस्तू कुणी दिली,
किती दिवस वापरली,
आणि काय अजून आम्हाला कळलेलं नाही.
ही तिसरी ओळ लिहिताना हात अडतो.
काही वेळा बातमीपेक्षा तीच लांब होते.
भाडं दोन महिने थकलंय, हेही खरं.

काल नवा स्टार्टर आला, दुसऱ्या कंपनीचा.
मी तो रुकडीला पाठवला.
रात्री पावणेतीनला मगदूमांचा आवाज आला फोनवर,
मागं बेडकं, पाण्याचा खळखळाट,
आणि मोटारीची घरघर, मुद्दाम जवळ धरून ऐकवलेली:

"पहिला दिवस.
चालू म्हणतीय, आणि हाय चालू.
पण अजून काय लिवू नकासा."